एका हातानं उघडणारं कपाट

आमच्या लातूरच्या घरातल्या बेडरूमचं कपाट उघडायची एक पद्धत आहे. डाव्या हाताची बोटं दाराच्या खोबणीत घालून ते गव्हाच्या दाण्याएवढं वर उचलायचं, उजव्या हातानं बाजूला सारायचं आणि मध्येच अडलं की गुडघ्यानं एक हलका धक्का द्यायचा. पावसाळ्यात हलक्यानं भागत नाही. पाहुण्यांना हे जमत नाही. मला जमतं, कारण कपाट मीच आखलेलं आहे, आणि स्वतःच्या गाढवपणाशी माणसाचं हळूहळू एक घरगुती नातं तयार होतं.

दिसायला ते आजही देखणं आहे. फरशीपासून स्लॅबपर्यंत, भिंतभर. दोन सरकती दारं, एकाला डोक्यापासून पायापर्यंतचा आरसा, दुसऱ्याला शिसवी रंगाचं सनमाइका. आत साड्या लटकवायला दांडी, घडीच्या साड्यांना वेगळे कप्पे, ब्लाउजांना ड्रॉवर, सर्वांत वर गाद्या-रजयांसाठी माळा. आणि या सगळ्यात वर्षानुवर्षं भरलेलं होतं काय, तर भौतिकशास्त्राच्या सराव प्रश्नपत्रिका. ज्या बाईसाठी हे कपाट केलं, तिची एकही साडी त्यात नाही.

तिच्या साड्या समोरच्या दाराच्या मागं असतात, सोलापुरी चादरीत बांधलेल्या गाठोड्यात. भूकंप झाला तेव्हापासून. आपल्या घरात ते गाठोडं एकदा सुटावं, साड्या कपाटात जाव्यात आणि चादर पलंगावर यावी, एवढीच माझी हौस होती. त्या हौसेपायी मी जे जे केलं, ते सांगायला बसलोय.

भूकंपाच्या रात्री मी लातुरात नव्हतो. गणपती बुडवायला आमच्या गावी, कंधारजवळ, गेलो होतो. पहाटे खाट हलली. मला वाटलं, चुलतभाऊ चेष्टा करतोय. "झोपू दे की बे," असं म्हणून मी कूस बदलली. पुढं आयुष्यभर ज्यानं पोरांना कंपनं आणि तरंग शिकवले, त्या माणसाला जन्मात एकदा निसर्गानं स्वतः येऊन प्रात्यक्षिक दाखवलं आणि त्यानं ते चुलतभावाच्या नावावर टाकलं.

सकाळी रेडिओनं सांगितलं. मिळेल ती गाडी धरत, भर पावसात मी लातूरला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. आमची भाड्याची खोली उभी होती. भिंतींना तडे गेले होते, वरची माती खाली आली होती, आणि आत पाय टाकायची कोणाची छाती नव्हती. गल्ली समोरच्या मैदानात ताडपत्रीखाली बसली होती. त्यात आमची ही. मांडीवर आमची मुलगी, तेव्हा अजून रांगतही नव्हती. मुलीला शेजारच्या अप्पांच्या धोतराचा तुकडा गुंडाळलेला आणि हिच्या अंगावर अप्पांच्या बायकोची साडी. अप्पांचं आडतीचं दुकान होतं. माणूस तोंडानं तिखट.

"आपले कपडे?" मी विचारलं.

"कपाटात," ती म्हणाली.

माझ्या चौकशीला एवढं उत्तर पुरलं. औसा-निलंग्याकडं गावंच्या गावं गाडली गेली होती. त्यापुढं आमची खोली नुसती तडकली होती, कपडे नुसते कपाटात होते. आपल्याला रडण्यासारखं काही झालेलं नाही, असं मी दोघांच्या वतीनं ठरवून टाकलं.

त्यानंतर लातुरात घराघरांत दाराशी गाठोडं असायचं. एक साडी, एक धोतर, लेकरांचे कपडे, घराचे कागद. जमीन हलली की ते उचलायचं आणि पळायचं. फळीवर पालथा तांब्या, तांब्यावर पेला, पेल्यावर वाटी अशी उतरंड रचलेली असायची. धक्का बसला की वाटी पडणार आणि आपण जागे होणार. बहुतेक वेळा वाटी मांजर पाडायचं आणि सगळी गल्ली गाठोडी घेऊन मैदानात. मग एकमेकांच्या गाठोड्यांकडं बघत हसायचं आणि परत जायचं.

हळूहळू वाट्या मांडणीवर परत गेल्या. अप्पांचं गाठोडंही एका दिवाळीच्या झाडलोटीत सुटलं. आमचं राहिलं. ही ते अधूनमधून सोडायची, चादर धुवायची आणि पुन्हा बांधायची. मुलगी वाढली तसं गाठोडंही वाढत गेलं. आधी लंगोट आणि झबली, मग फ्रॉक, मग शाळेचा गणवेश. थंडी आली की त्यात एक स्वेटर जायचा, उन्हाळ्यात निघायचा. स्वतःच्या चांगल्या साड्या मात्र तिनं एकदा त्यात ठेवल्या त्या कायमच्या. लग्नाला जायचं असलं की दारामागं बसून गाठ सोडणार, साडी काढणार, परत गाठ मारणार. मला त्याची लाज वाटायची. येणारा-जाणारा विचारायचा, "सर, गावाला निघालात का?"

मधल्या काळात लातूरला अभ्यासाचं वेड लागलं. नांदेड, परभणी, बीड, कुठून कुठून पोरं येऊ लागली. अप्पा म्हणायचे, "आधी गाड्या भरभरून तूर यायची, आता पोरं यायलीत. तुरीला निदान वास तरी चांगला असतो." ज्याच्याकडं एक खोली जास्त त्यानं तिचं हॉस्टेल केलं, ज्याला दोन भाज्या यायच्या त्यानं मेस काढली, आणि ज्याला फळ्यावर न पुसता उभी रेघ ओढता यायची त्यानं क्लास काढला. मी तिसऱ्या जातीतला. माझा क्लास चालला. का चालला, ते मलाही नीट सांगता येणार नाही. मी बोलायचो बरं, एवढं खरं.

त्या क्लासवर घर झालं. पायापासून इतकं लोखंड घातलं की ठेकेदार म्हणाला, "सर, वर काय किल्ला बांधायचाय का?" मी मनात म्हटलं, बांध बाबा, किल्ल्यात तरी गाठोडं सुटेल. वास्तुशांतीच्या दिवशी मी दार उघडलं. चुलीवर दूध उतू घालायच्या आधी घरात काय शिरलं असेल, तर ते गाठोडं. तिनं ते दाराच्या मागं ठेवलं, हात झटकले आणि म्हणाली, "हं, आता ठेवा दूध."

तेव्हाच मी ठरवलं की असं कपाट करायचं, की ते बघून गाठ आपोआप सुटली पाहिजे. उपयोगीही आणि देखणंही.

माझ्या स्वभावानुसार मी त्याचा अभ्यास सुरू केला. हँगर आडवा मावायला कपाट किती खोल लागतं. हँगरवर टाकलेल्या साडीखाली किती जागा सोडायची. रोजचं हाताच्या उंचीवर, सणाचं त्याच्या वर, वर्षाकाठी लागणारं माळ्यावर. जड सामान खाली, म्हणजे कपाटाचा गुरुत्वमध्य खाली. गुरुत्वमध्य आला म्हटल्यावर मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात तोच धडा होता, मी फळ्यावर कपाटच काढलं. पोरं खूश. कोणी म्हणालं, "सर, आरसा पायजे." कोणी म्हणालं, "सर, आत लाईट, दार उघडलं की लागणारा." एकानं चोरकप्पा सुचवला. वर्गभर पोरांनी मिळून माझ्या बायकोचं कपाट आखलं. जिला विचारायचं राहिलं होतं, ती त्या वेळी घरी वरणाला फोडणी देत होती.

रात्रीच्या जेवणाआधी मी वहीत उतरवलेला तो नकाशा तिच्यापुढं धरला. तिचे हात पिठाचे होते, म्हणून तिनं लांबूनच पाहिला.

"लई मोठं झालं की."

"भिंतीतच बसवणार. वरून खालून पक्कं. कितीही हलू दे, पडायचं नाही."

"पडायचं भ्या न्हाई मला."

"मग प्रश्नच मिटला," मी म्हणालो.

तिनं कोपरानं नकाशातल्या दाराकडं खूण केली. "येक करा," ती म्हणाली. "दार येका हातानं उघडलं पायजे."

"का? दुसऱ्या हातात चहाचा कप धरायचाय का?"

ती हसली. "तसंच समजा."

मी तसंच समजलो. वर्गात पोरांनी विचारलेल्या प्रत्येक 'का'ला उत्तर द्यायची मला सवय. पण आपण स्वतः 'का' विचारलं तर उत्तरासाठी थांबायचं असतं, हे त्या सवयीत बसत नव्हतं.

मिस्त्री मूळचे उदगीरचे. बापजाद्यांपासून सुतारकाम, पानानं रंगलेले ओठ, आणि कोणालाही नाही म्हणता न येणारी जीभ. त्यांच्यामागं तेव्हा हॉस्टेलांची कामं इतकी, की गाठ पडणं मुश्कील. मी नकाशा दाखवला तर त्यांचे डोळेच चमकले.

"सर, दोन साल झाले. खाट-टेबल, खाट-टेबल. हात गंजून गेले. हे काम दिल लावून करतो बघा."

माझ्यासारख्याला अडवणारा माणूस भेटायला हवा होता. मला माझ्यापेक्षा उत्साही माणूस भेटला. बिजागरीचं दार लावलं तर ते पलंगाला अडत होतं. पलंग सरकवावा, तर मी त्याचं डोकं पूर्वेला करून ठेवलेलं. शास्त्र शिकवणाऱ्या माणसाच्या घरी अशी एखादी गोष्ट असतेच. मिस्त्री म्हणाले, "सरकतं दार करू. एक नंबर दिसतं." मी एका डॉक्टरांच्या घरी तसलं दार पाहून आलो होतो, त्यामुळं मला ते आधीच आवडलेलं. मी आरसा म्हटलं, ते म्हणाले, "लावायचा तर पुरा लावू सर. मॅडम डोक्यापासून पायापर्यंत दिसल्या पायजेत." मी सनमाइका म्हटलं, त्यांनी सागवानी चौकट म्हटली. दोघांनी एकमेकांना चढवत चढवत त्या दाराचं वजन वाढवत नेलं.

"मिस्त्री, पण एका हातानं उघडलं पाहिजे हां," मी बजावलं.

"हाव की सर. बोटानं उघडल."

आणि खरंच उघडलं! भर उन्हाळा होता, लाकूड सुकून खडखडीत झालेलं. कपाट पूर्ण झाल्यावर मी गल्लीला चहाला बोलावलं. अप्पा बेडरूमच्या उंबऱ्यावर थबकले. "सर, कपाट हाय का देव्हारा? चप्पल काढू का?" मी करंगळीनं दार सरकवून दाखवलं. मुलगी तेव्हा शाळकरी होती, तिनं ते इकडून तिकडं इतक्यांदा पळवलं की अप्पा म्हणाले, "आगगाडी हाय का ती, बाळ?" मग मी हिला पुढं केलं. तिनं एका हातानं दार उघडलं, लावलं, परत उघडलं. मान हलवली.

"छान झालंय."

सगळे गेल्यावर मी म्हणालो, "आता ते गाठोडं."

ती गेली, गाठोडं उचलून आणलं, खालच्या कप्प्यात ठेवलं आणि दार लावलं.

"अगं, गाठ सोड की. दांडी आहे, कप्पे आहेत, साड्या लाव."

"ऱ्हाऊ द्या. आत तर गेलं न?"

निम्मे मार्क मिळाले, असं मी धरून चाललो. उरलेले पुढच्या परीक्षेत.

मग पाऊस आला. सागवान असो की काही असो, लाकूड पाणी ओळखतं. दारं फुगली आणि जागेवर बसली. आरशाच्या वजनानं दार सरकायची खालची खाच एका बाजूला दबली. मी एक दिवस घालवून उचला, ढकला, गुडघा मारा ही पद्धत शोधून काढली आणि घरात सगळ्यांना शिकवली. शिकवण्यात मी इतका रंगलो, की आपण नक्की काय शिकवतोय तिकडं लक्षच गेलं नाही.

"हे दोन हातांचं झालं," ही म्हणाली.

"पावसाळ्यापुरतं गं."

पावसाळा संपला. मिस्त्री कुठल्याशा नव्या हॉस्टेलच्या खाटांमध्ये बुडाले होते. भेटले की म्हणायचे, "येतो सर, जुम्मा झाला की येतो." जुम्मे येत राहिले, मिस्त्री आले नाहीत. मीही पाठपुरावा केला नाही. बॅच चालू होती, पद्धत सापडलेली होती, माझे दोन्ही हात मोकळे होते.

इथं वर्गातली एक गोष्ट सांगायला हवी. तरंग शिकवताना मी पोरांना भूकंपाची आठवण सांगायचो. आता 'मी कंधारला झोपलो होतो' एवढ्यानं काही गोष्ट बनत नाही. म्हणून पहिल्या वर्षी मी स्वतःला लातुरात आणून ठेवलं. पुढच्या वर्षी मी धक्क्याआधीच्या गुरगुरीनंच जागा झालो. त्याच्या पुढच्या वर्षी मी एका हातानं तान्ह्या मुलीला छातीशी धरलं, दुसऱ्या हातानं बायकोला ओढलं आणि मातीच्या वर्षावातून बाहेर आलो. इथं पोरं श्वास रोखायची. मग मी खडू उचलून म्हणायचो, "तर आधी कोणता तरंग पोचला?" धडा कोणाला विसरायचा नाही.

मुलगी अकरावीत गेली आणि माझ्याच वर्गात येऊन बसली. हा धोका माझ्या ध्यानातच आला नव्हता. त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "आई, बाबांनी मला उचलून बाहेर आणलं होतं? तू कधी बोलली न्हाईस."

मी ताटातल्या भाकरीचा बारीक तुकडा मोडत राहिलो. ही आमटी वाढत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. गंमतच होती थोडीशी.

"हो का?" ती म्हणाली. "बरं झालं बाई. माझा हात मोकळा झाला."

मुलगी हसली, ही हसली. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो, सुटलो म्हणून. ती कुठल्या हाताबद्दल बोलली, हे मला तेव्हाही कळलं नाही.

कळलं ते पुढच्या पावसाळ्यात, मुलगी बारावीत असताना. दुपारची वेळ. मी वर्गात होतो. एकदम बाकं खुळखुळली, पंखा झोके घेऊ लागला. हलकाच धक्का होता. पोरं बाहेर पडेपर्यंत संपलाही. पण या वेळी मी जागा होतो आणि लातुरात होतो. वर्ग तसाच सोडून स्कूटर काढली.

गल्ली रस्त्यावर होती. अप्पा बनियनवर, त्यांच्या बायकोच्या हातात लाटणं. लिंबाखाली आमची ही उभी होती, मुलीचं मनगट धरून. मुलगी तिच्यापेक्षा वीतभर उंच. "आई, सोड आता, लोक बघायलेत," असं पुटपुटत होती, आणि ही सोडत नव्हती. पाऊस भुरभुरत होता. दोघी भिजत होत्या. हिचा दुसरा हात रिकामा होता.

माझ्या आधी अप्पांच्याच ते लक्षात आलं. "वहिनी, गाठोडं कुठं राहिलं तुमचं?"

"कपाटात," ती म्हणाली.

तोच शब्द. तीच बाई. मी तसाच बाहेरून आलेलो.

मुलगी म्हणाली, "बाबा, आई एका हातानं दार ओढायली होती. मी म्हटलं माझा हात सोड, दोन्ही हातांनी उघड. सोडलाच न्हाई. मग तसंच टाकून पळालो."

"तवाबी असंच झालं," ही म्हणाली. ती माझ्याशी बोलत नव्हती, अप्पांच्या बायकोशी बोलत होती. "लोखंडी कपाट. किल्ली फिरवून धरायची अन् दुसऱ्या हातानं मूठ दाबायची. माझ्या हातात ही. खाली कुठं ठेवू? वरून माती पडायलेली. येका हातानं करून बघितलं, न्हाई उघडलं. निघाले तशीच. नंतर पाऊस. ही काकडायला लागली, लंगोट ओला झाला. अन् मैदानात बातम्या यायल्या, याचं घर गेलं, त्याचं लेकरू गेलं. लोकांची माणसं गेलेली अन् मी घरोघर लंगोट मागत फिरू का? लाज वाटली मला. लई वेळ मागितलाच न्हाई मी. ही निळी पडायला लागली, तवा तुमच्याकडं आले."

अप्पांची बायको म्हणाली, "आठवतं की. मीच ओरडले होते तुला, आधी का न्हाई आलीस म्हणून."

म्हणजे गल्लीला माहीत होतं. अप्पांनी आपलं धोतर फाडलं होतं, त्यांच्या बायकोनं तिला रागावून जवळ घेतलं होतं. त्या प्रसंगावर वर्षानुवर्षं टाळ्या घेणाऱ्या मला एकट्यालाच तो माहीत नव्हता. मी कधी विचारला नव्हता आणि माझ्या आवृत्तीत त्याला जागा उरली नव्हती. तिथं तर मुलगी माझ्या हातावर होती.

लोक घरात परतले तशी तीही आत गेली. कपाटापुढं उभी राहिली. मी शिकवलेल्या पद्धतीनं, एक पायरी न चुकता, दार उचललं, ढकललं, गुडघा दिला. गाठोडं काढलं आणि समोरच्या दाराच्या मागं नेऊन ठेवलं.  कपाटाचं दार मात्र पूर्ण लावून घेतलं तिनं, आरसा सरळ दिसेल असं.

मी म्हणालो, "मी दारं बदलून घेतो."

"घ्या की," ती म्हणाली.

इथं मी दारं बदलली असती तर हे सगळं लिहायला बसलो नसतो. मिस्त्री तोवर लातूर सोडून उदगीरला परत गेले होते. बिजागरीची दारं करायची तर पलंग हलवावा लागणार. मुलीची परीक्षा, मग निकाल, मग तिचा नांदेडला, विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंगचा प्रवेश. मग नवीन बॅच. वर्गात मी ती भूकंपाची गोष्ट सांगणं बंद केलं; खरी सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून धडा नुसताच शिकवू लागलो. पोरांचा एक डोळा घड्याळावर असायचा. आणि कपाट रिकामं होतं. रिकामी जागा मला बघवत नाही. आधी एक गठ्ठा ठेवला, तात्पुरता. मग दांडीखाली गठ्ठे, साड्यांच्या कप्प्यांत गठ्ठे, ब्लाउजांच्या ड्रॉवरमध्ये खडूंचे खोके आणि सत्काराला मिळालेल्या शाली.

मुलगी शिकली, नांदेडातच नोकरीला लागली, लग्न झालं, तिथंच घर झालं. तिच्या बाळंतपणाला ही गेली. बसमध्ये गाठोडं मांडीवर. मी म्हटलं, "बॅग घे की चांगली." तर म्हणाली, "सवयीचं हाय हे."

दोनेक महिन्यांनी मी नांदेडला गेलो. मुलीनं दार उघडलं आणि मी आत शिरताना सवयीनं पाऊल उचलून वळसा घातला. दारामागं काही नव्हतं. नुसती भिंत.

"कुणाला ओलांडता, बाबा?" मुलगी हसली.

हिच्या खोलीत गेलो. पलंगाशेजारच्या भिंतीला साध्या फळ्या बसवलेल्या, त्यांना दार नाही. वर एक दांडी, दांडीला फुलाफुलांचा सुती पडदा. फळ्यांवर तिच्या साड्या रचलेल्या. ती लग्नातली हिरवी, ती अप्पांच्या मुलाच्या लग्नात घेतलेली, घडीवर घडी. मी त्या साड्या अशा मोकळ्या कधी पाहिल्या नव्हत्या.

"हे तू केलंस?" मी मुलीला विचारलं.

"सुताराकडून करून घेतलं. आईला म्हटलं, कसं पायजे. ती म्हणाली, दारच नको."

"एवढंच?"

"एवढंच."

नात पलंगावर झोपली होती. तिच्या अंगाखाली ती सोलापुरी चादर होती, धुऊन, घडी मोडून पसरलेली. मधला भाग सपाट होता. चारी कोपरे मात्र मुरगाळलेलेच होते, गाठी मारून मारून त्यांचे कानच झाले होते.

ही चहा घेऊन आली. माझा कप माझ्या हातात दिला, स्वतःचा एका हातात धरला आणि दुसऱ्या हातानं तो पडदा सरकवून दाखवला.

"बघा," ती म्हणाली. "चहाचा कप धरून बी उघडतं."

इतकी वर्षं तिनं माझं ते वाक्य सांभाळून ठेवलं होतं. मी कप डाव्या हातात घेतला आणि उजव्या हातानं पडदा एकदा सरकवून पाहिला. 

दिवाळीच्या तोंडावर ती लातूरला आली. माझे जेवणाचे हाल चाललेत, असं तिला अप्पांनी फोनवर मीठमसाला लावून सांगितलं होतं. येताना साड्या त्याच चादरीत बांधून आणल्या. मला वाटलं, प्रवासापुरत्या. तिनं उंबरा ओलांडला, गाठोडं दाराच्या मागं ठेवलं, हात झटकले आणि स्वयंपाकघरात गेली.

मी वाट पाहिली. भाऊबीज झाली. एके दुपारी मी रद्दीवाल्याला बोलावलं आणि खालचा कप्पा रिकामा केला, मग वरचे कप्पे, मग दांडीखालचे गठ्ठे. सगळं पुसून घेतलं. मग तिला हाक मारली.

"ही दारंच काढून टाकतो आता," मी म्हणालो. "नांदेडसारखा पडदा लावू."

ती ओल्या हातांनी उंबऱ्यात उभी राहिली. आरशात आम्ही दोघं डोक्यापासून पायापर्यंत दिसत होतो, मिस्त्रींच्या कृपेनं.

"कशाला आता? ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "संक्रांतीला परत जायचंच हाय मला नांदेडला. येवढ्यासाठी सोडा, परत बांधा."

मग आत जाता जाता वळून म्हणाली, "अन् आरसा काढला तर तुम्ही कुणाशी बोलणार दिवसभर?"

मी दार लावायला गेलो. ते अर्ध्यात अडलं. गुडघा पुढं केला, मागं घेतला, आणि तसंच राहू दिलं.